‘वॉज पॉप्ड अप’ म्हणजे नक्की कोणी पॉप केलं?

या वेळचं पत्र पुण्याहून आलंय. नाव देत नाही, तिनेच खाली ‘अप-वाली’ अशी सही केलीय तर तेच ठेवते. पत्र थोडं कापून देतेय, पण तिच्याच शब्दांत.

“ताई नमस्कार. मी मूळची बार्शीची, दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता दोन वर्षं हिंजवडीला टेस्टिंगमध्ये आहे. बग शोधते चांगले पण लिहिताना माझी वाट लागते. मागच्या महिन्यात रिपोर्टमध्ये लिहिलं की ‘व्हाइल क्लिकिंग ऑन सबमिट बटन वन एरर इज गेटिंग पॉप्ड अप सडनली’, तर क्लायंटकडच्या बाईंनी खाली कॉमेंट टाकली ‘पॉप्ड अप बाय हूम?’ आणि पुढे स्माइली. नंतर आजीला ॲडमिट केलं म्हणून सुट्टीचा मेल टाकला, ‘वन अर्जंट वर्क वॉज क्रॉप्ड अप’, तर शेजारचा मुलगा म्हणाला काम क्रॉप केलंस की फोटो. पण खरा घोळ तिसरा आहे. आमच्या लीड सरांनी क्लायंट कॉलमध्ये माझं नाव पुढे केलं, मला बोलायला दिलं, मी खूश होऊन मेल टाकला ‘थँक यू सर फॉर शोइंग मी अप इन द क्लायंट कॉल’, सगळ्या टीमला सीसी. दोघं जण हसत होते, सर काही बोलले नाहीत पण दोन दिवस जरा गप्प वाटले. नंतर मी गूगल केलं आणि पोटात गोळाच आला. ताई हे ‘अचानक येणं’वाले अप-अप शब्द लिहायचे कसे ते एकदा नीट सांगा. ग्रामरचं पुस्तक घे म्हणू नका, ते आहे माझ्याकडे. आणि सरांना सॉरी म्हणू का?”

अगं अप-वाले,

सरांचं शेवटी बघू, आधी त्या बाईंच्या स्माइलीचं. तुला ती कुजकट वाटली असेल, मलाही थोडी वाटली, पण सगळी मेख त्या एका प्रश्नातच आहे. कोणी पॉप केलं? कोणीच नाही. एरर आपलीआपण वर आली. इंग्लिशमध्ये पॉप अप, क्रॉप अप, शो अप, टर्न अप, स्प्रिंग अप ही सगळी मंडळी अचानक येण्याच्या अर्थाने जेव्हा वापरतात ना, तेव्हा येणारी वस्तू किंवा माणूस स्वतःच्या पायाने येतो, त्याला कोणी आणत नाही, म्हणून तिथे ‘वॉज’ आणि ‘इज’ लावून त्याला उचलून आणल्यासारखं करायचं नाही.

घरात टोस्टर असेल तर उद्या सकाळी जरा त्याच्यासमोर उभी राहा. लिव्हर तू खाली दाबतेस, ते काम तुझं. मग थोडा वेळ काहीच होत नाही, तू मोबाइल बघतेस, आणि खटकन आवाज होऊन टोस्ट वर. त्या खटक्याच्या वेळी तुझा हात टोस्टरला लागलेलाही नसतो. तेच पॉप अप. हा टोस्टर अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या चार्ल्स स्ट्राइट नावाच्या माणसाने केला, पेटंट मिळालं 1921 साली, आणि त्यामागचं कारणच हे की टोस्ट करपू नये म्हणून कोणीतरी सतत लक्ष ठेवून उभं राहायची गरज पडू नये. म्हणजे बघ, ज्या यंत्राच्या नावातच पॉप-अप आहे त्याचा सगळा मुद्दा ‘कोणी हात लावला नाही तरी वर आलं’ हाच आहे. ‘द टोस्ट पॉप्ड अप.’ ‘ॲन एरर पॉप्ड अप.’ संपलं वाक्य. क्रिकेट बघतेस का? बॉल ग्लव्हला लागून शॉर्ट लेगच्या दिशेने हवेत उडतो तेव्हा इंग्लिश कॉमेंटेटर ‘पॉप्ड अप’ म्हणतात, कोणी ‘वॉज पॉप्ड अप’ म्हणताना मी तरी ऐकलेलं नाही.

आता हे ‘वॉज’ आपल्याकडे येतं कुठून? तू निष्काळजी आहेस म्हणून नाही. तू डोक्यात मराठी बोलतेस आणि मराठीत तू बरोबर बोलतेस. ‘प्रॉब्लेम उद्भवला आहे’, ‘मेसेज आला आहे’, ‘पाहुणे टपकले आहेत’. आपल्याला प्रत्येक वाक्याच्या शेपटीला ‘आहे’ लागतो, हात इंग्लिशकडे वळला की तो ‘आहे’ चा ‘इज’ होतो आणि ‘होता’ चा ‘वॉज’ होतो, झालं, ‘प्रॉब्लेम इज क्रॉप्ड अप’ तयार. इंग्लिशला तिथे ‘हॅज’ पाहिजे असतो, ‘अ प्रॉब्लेम हॅज क्रॉप्ड अप’, किंवा मग सरळ काहीच नको, ‘अ प्रॉब्लेम क्रॉप्ड अप यस्टरडे’. त्यात परत ऑफिसची भाषा, जिथे सगळंच ‘इट हॅज बीन ऑब्झर्व्ड’ असतं, कोणी काही करतच नाही, सगळं केलं जातं. ती सवय अंगात मुरते, मग तू टोस्टलाही ‘केलं जातं’ मध्ये बसवतेस.

मी स्वतः वापरते ती युक्ती सांगते, ग्रामरचं नाव न घेता. शंका आली की वाक्य मराठीत करायचं आणि शेवटी ‘गेला’ लावून बघायचं. ‘फोटो कापला गेला’, बरं वाटतं ना कानाला? मग ‘द फोटो वॉज क्रॉप्ड’ बरोबर. आता ‘अडचण उद्भवली गेली’. ‘पाहुणे टपकले गेले’. ‘मेसेज झळकला गेला’. ऐकूनच कसंतरी होतं. जिथे मराठीत ‘गेला’ ऐकून तोंड वाकडं होतं तिथे इंग्लिशमध्ये ‘वॉज’ नको. आपल्याकडे ‘माझ्याकडून हसलं गेलं’ असंही म्हणतात ते मला माहितीये, ते वेगळं प्रकरण आहे, त्यात आत्ता शिरू नकोस. आणि शेजारच्या त्या मुलाचा जोक खरं तर अगदी बरोबर जागी लागलाय, नुसतं क्रॉप म्हणजे कापणं, ते कोणीतरी करतं, म्हणून ‘क्रॉप्ड’ च्या मागे ‘वॉज’ दिसला की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर कात्रीच येते.

‘गेटिंग’ चं काय? ‘इज गेटिंग पॉप्ड अप’, ‘इज गेटिंग डिस्प्लेड’, ‘इज गेटिंग फेल्ड’. हा आपल्या आयटीतला साथीचा रोग आहे आणि मला त्याची चीड आहे. ‘गेटिंग’ घातल्याने काहीतरी चालू असल्याचा भास होतो एवढंच. एरर दर वेळी येते हे सांगायचंय ना, मग साधा वर्तमानकाळ, ‘ॲन एरर पॉप्स अप’. तो ‘एस’ च सांगतो की हे दर वेळी होतं. काल एकदाच आली असेल तर ‘पॉप्ड अप’.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर तुझ्याच टीममधला कोणीतरी उद्या तुला अडवेल. प्रोग्रामर लोक आपसात ‘द ॲप पॉप्स अप अ वॉर्निंग’ असं बोलतात, म्हणजे ॲपने वॉर्निंग वर ढकलली, इथे करणारा आहे. हे चुकीचं म्हणता येणार नाही, चालतं. पण हा त्यांचा घरगुती वापर आहे, आणि एकदा तो धरलास की ‘वॉज पॉप्ड अप’ कडे पाय घसरायला वेळ लागत नाही. तू आपली वस्तूला पुढे ठेव, एरर, मेसेज, विंडो, आणि तिला स्वतःच येऊ दे.

मग तुझं वाक्य. ‘व्हाइल क्लिकिंग’ म्हणजे क्लिक चालू असताना, पण क्लिक काय तासभर चालतं का? ‘व्हेन आय क्लिक सबमिट’. ‘वन एरर’ मधला ‘वन’ हा आपला ‘एक’ आहे, ‘एक एरर आली’ मधला. इंग्लिशमध्ये ‘वन’ म्हटलं की वाचणारा विचारतो दुसरी कुठेय, म्हणून ‘ॲन एरर’. आणि ‘सडनली’ काढून टाक, पॉप अप मध्येच अचानकपणा भरलेला आहे, वर परत सडनली म्हणजे ‘अचानक एकाएकी टपकला’. बोलताना चालतं ते, माणसं जोर द्यायला बोलतात, रिपोर्टमध्ये नको. उरलं काय? ‘व्हेन आय क्लिक सबमिट, ॲन एरर मेसेज पॉप्स अप.’ आणि खरं सांगू, बग रिपोर्टमध्ये मी पॉप अपही काढीन, तिथे ‘अपिअर्स’ लिही. गंभीर कागदावर ‘अपिअर्स’ गप्पपणे काम करतं, त्याच्याकडे कोणाचं लक्षही जात नाही, आणि ‘बाय हूम’ विचारायला जागाच राहत नाही. पॉप अप ठेव मेलसाठी, चॅटसाठी.

स्पेलिंगचं पटकन उरकते. पॉप चा भूतकाळ करताना पी दोनदा. एकच पी लिहिलास तर वाचणारा तो ‘पोप्ड’ असा वाचतो, म्हणजे रोममधले पोप. क्रॉप चंही तेच, पी डबल. शो आणि टर्न ला डबल काही करायचं नाही. दुसरं, क्रिया असेल तर पॉप आणि अप मध्ये जागा सोडायची, वस्तू असेल तर मधे हायफन टाकायचा किंवा जोडून लिहायचं. ‘अ विंडो पॉप्ड अप’, इथे घटना घडतेय, दोन शब्द. ‘आय क्लोज्ड द पॉप-अप’, इथे ती वस्तू आहे, हायफन. लॉग इन, सेट अप, बॅक अप, सगळ्यांना हाच नियम. कळत नसेल तर ते वाक्य भूतकाळात ढकलून बघ, ‘लॉग्ड इन’ होतं म्हणजे मधे फट आहे, ‘लॉगिन्ड’ असं काही होत नाही. आपल्या ऑफिसांत ‘बॅकअप्ड’ आणि ‘पॉपअप्ड’ सर्रास लिहिलेले दिसतात, वाचून मला दाताखाली खडा आल्यासारखं होतं.

वस्तूवाल्या पॉप-अपवरून आठवलं म्हणून सांगते. नव्वदच्या दशकात ट्रायपॉड नावाच्या वेबसाइटवर काम करणाऱ्या ईथन झकरमन यांनी जाहिरातीसाठी वेगळी विंडो उघडणारा कोड लिहिला. कारण असं की एका कार कंपनीची जाहिरात एका अश्लील पानावर दिसली, कंपनी भडकली, मग पान आणि जाहिरात वेगळी करायला हा उपाय काढला. 2014 मध्ये त्यांनी लेख लिहून जगाची माफी मागितली, की आमचा हेतू चांगला होता हो. तर ज्याने पॉप-अप जाहिरात बनवली तोही सॉरी म्हणाला, तुझं तर एक ‘वॉज’ जास्त झालंय.

आता क्रॉप अप, हा माझा लाडका आहे. याचा कापण्याशी संबंध लावू नकोस. खाणीत काम करणाऱ्या लोकांच्या बोलण्यात क्रॉप म्हणजे जमिनीखालचा खडकाचा किंवा धातूचा थर कुठेतरी वर येऊन उघडा पडणं. भूगोलात ‘आउटक्रॉप’ वाचलं असशील तो याचाच भाऊ. सह्याद्रीत ट्रेकला जातेस का, गवताच्या उतारावर चालताना मधेच काळा कातळ डोकं काढून बसलेला असतो बघ, तो तिथे आत्ता आलेला नसतो, खाली होताच, आपल्याला आत्ता दिसला. क्रॉप अप मध्ये ही छटा अजून शिल्लक आहे, आणि आपल्याकडे त्याला तंतोतंत जुळणारं आहे, ‘डोकं वर काढलं’. जुन्या वादाने डोकं वर काढलं, अडचणींनी डोकं वर काढलं. म्हणून क्रॉप अप कुणाला लागतं, तर अडचणीला, प्रश्नाला, विषयाला, एखाद्या नावाला. ‘हिज नेम क्रॉप्ड अप इन द मीटिंग’ छान आहे. पण ‘माय अंकल क्रॉप्ड अप ॲट द वेडिंग’ लिहिलंस तर काका मांडवातून कातळासारखे वर आले असं चित्र उभं राहतं. काकांचं नाव क्रॉप अप होतं, काका होत नाहीत. तसंच चांगल्या बातमीलाही लावू नकोस, प्रमोशन क्रॉप अप होत नाही, होऊ दे असं मलाही वाटतं पण होत नाही.

तुझ्या सुट्टीच्या मेलला क्रॉप अप चालेल, पण त्याहून बरं आहे ‘कम अप’. ‘समथिंग अर्जंट हॅज कम अप ॲट होम.’ हे इंग्लिशमधलं सगळ्यात सोयीचं वाक्य आहे असं माझं मत, यात घरी काय झालंय ते सांगावं लागत नाही आणि सभ्य माणूस पुढे विचारतही नाही, आपल्या ‘घरी जरा अडचण आहे’ सारखं. तुझ्या वाक्यातला ‘वन अर्जंट वर्क’ पण बदल, काम इंग्लिशमध्ये मोजत नाहीत, ‘सम अर्जंट वर्क’. आणि मुळात आजी ॲडमिट आहे हे काम नाहीये गं. मराठीत आपण ‘जरा काम निघालं’ म्हणून काहीही झाकतो, लग्न, दहावा, हॉस्पिटल, सगळं ‘काम’. इंग्लिश वाचणाऱ्याला ‘वर्क’ म्हणजे ऑफिसचं कामच वाटतं. आजी बऱ्या आहेत ना आता? ते लिहिलंच नाहीस.

मात्र ‘कम अप’ च्या शेपटीला ‘विथ’ लावलास तर वेगळंच होतं. ‘शी केम अप विथ ॲन आयडिया’, म्हणजे तिने आयडिया काढली. एक छोटासा शब्द वाढला आणि अचानक येणं जाऊन शोधून काढणं आलं.

हे शब्द कुठे शोभतात यावर माझी स्वतःची फजिती ऐक, फुकट आहे. मी पहिल्या नोकरीत एका कंपनीचं घरचं मासिक बघायचे, नाव नको. तिथले एक फार जुने, सगळ्यांचे लाडके अधिकारी गेले आणि श्रद्धांजलीची चार ओळींची चौकट मला लिहायला दिली. मी नुकतीच इंग्लिश साहित्य करून आलेली, आपलं इंग्लिश जिवंत आहे हे दाखवायची खाज, मी लिहिलं ‘हिज स्माइलिंग फेस कीप्स पॉपिंग अप इन अवर मेमरीज’. व्याकरणात काडीची चूक नाही. आमच्या संपादक बाईंनी तो कागद समोर धरला, चष्म्यावरून बघितलं आणि मराठीत एवढंच विचारलं, ‘साहेबांचा चेहरा काय टपकतो का?’ मी हसले आणि मग गेलेल्या माणसाच्या चौकटीवर हसल्याची लाज वाटली. पॉप अप मध्ये एक टुणुकपणा आहे, खेळण्यातल्या डबीतून बाहुला उडी मारतो तसा. मजेच्या, हलक्या, रोजच्या गोष्टींना तो चांगला, दुःखाला नाही, कायद्याच्या नोटिशीला नाही, पोलिसांना दिलेल्या तक्रारीत तर नाहीच नाही. आपल्याकडेही ‘आले’, ‘अवतरले’, ‘उगवले’, ‘टपकले’, ‘उपटले’ हे सगळे एकच काम करतात पण सासऱ्यांसमोर ‘कधी उपटलात’ असं कोणी विचारतं का? इंग्लिश शब्द निवडताना हे मराठी शब्द मनात फिरवून बघ. ‘उद्भवली’ असेल तर क्रॉप अप किंवा अराइज. ‘टपकला’ असेल तर पॉप अप. ‘एकदाचा उगवला’ असेल, म्हणजे वाट बघून बघून, तर शो अप किंवा टर्न अप.

शो अप आणि टर्न अप मध्ये फार फरक काढत बसू नकोस, अमेरिकन लोक शो अप जास्त म्हणतात, ब्रिटिश टर्न अप. दोन्हीत कोणीतरी येणार होतं किंवा यायला हवं होतं असा वास आहे. ‘द प्लंबर फायनली शोड अप ॲट सिक्स.’ आणि दोन्हींच्या पुढे काय येतं त्यात माणसं अडखळतात, ‘शोड अप द ऑफिस’ असं लिहितात, मधे ‘ॲट’ पाहिजे, ‘ॲट द ऑफिस’, मुलाखतीला आला तर ‘फॉर द इंटरव्ह्यू’, पार्टीला ‘ॲट’ किंवा ‘टू’. पॉप अप ला स्क्रीन असेल तर ‘ऑन’, फीड असेल तर ‘इन’. टर्न अप ची एक जास्तीची गंमत म्हणजे हरवलेली वस्तू सापडणं, ‘माय कीज टर्न्ड अप इन द फ्रिज’, किल्ल्या फ्रिजमध्ये सापडल्या, कोणी ठेवल्या ते विचारायचं नाही. पण पोलिसांच्या झडतीत सुरा सापडला तर ‘द सर्च टर्न्ड अप अ नाइफ’ होतं आणि टीव्हीचा आवाज वाढवणं पण टर्न अपच, तिथे करणारा आहे, तिथे ‘वॉज’ चालेल. नियम तोच, कोणी केलं हे विचारून उत्तर मिळतं का.

या दोघांची नावं करायला मात्र जाऊ नकोस. किती लोक आले हे सांगायचं तर ‘टर्नआउट’, ‘टर्नअप’ नाही, ब्रिटिश शिंप्याकडे टर्नअप म्हणजे पँटची खालची दुमड. आणि जो आलाच नाही त्याला ‘नो-शो’ म्हणतात, हॉटेलवाले, विमानवाले सर्रास वापरतात. म्हणजे न आल्याचं नाव आहे, आल्याचं नाही, भाषा अशीच असते.

स्प्रिंग अप तुला रोज ऑफिसला जाताना बसच्या खिडकीतून दिसतो. मागच्या वर्षी मोकळं होतं तिथे या वर्षी टॉवर, खाली तीन कॅफे आणि एक जिम. आपण म्हणतो पावसात कुत्र्याच्या छत्र्या उगवतात तसे. ‘न्यू टॉवर्स हॅव स्प्रंग अप.’ ‘हॅव बीन स्प्रंग अप’ नाही. कालचं सांगताना ‘स्प्रँग’, ‘हॅव’ आला की ‘स्प्रंग’, सिंग-सँग-संग च्या चालीवर लक्षात राहतं.

आणि आता सर.

शो अप मध्ये नुसतं येणं असतं तोवर तो गरीब आहे. पण शो आणि अप च्या मधे माणूस बसवला, ‘शोड मी अप’, की अर्थ एकदम फिरतो, चारचौघांत माझी लाज काढली, मला खाली पाडलं. तुला म्हणायचं होतं मला दाखवलं, पुढे आणलं, वर काढलं, त्यात ‘शो’ पण आलं, ‘मी’ पण आलं, ‘वर’ चा ‘अप’ पण आला, प्रत्येक तुकडा मराठीतून बरोबर उचललास आणि जोडल्यावर उलटं निघालं. तू सगळ्या टीमसमोर लिहिलंस की सर, काल कॉलमध्ये माझी लाज काढल्याबद्दल धन्यवाद. इंग्लिश चांगलं येणाऱ्याला तो टोमणा वाटतो, आणि चांगला धारदार टोमणा आहे गं तो, जाणूनबुजून लिहायचा म्हटला असता तर जमला नसता. सर गप्प झाले असतील तर मला त्यांचं काही चूक वाटत नाही, बिचारे आठवत बसले असतील की मी हिचं असं काय केलं. किंवा त्यांना काहीच वाटलेलं नसेल आणि त्यांच्याच घरी काहीतरी क्रॉप अप झालं असेल, हेही होतं.

तरी सॉरी म्हण, हो, पण लांबण लावू नकोस, आणि मराठी मीडियमचं कारण देऊ नकोस, त्यांनी मागितलेलं नाही. आधी डेस्कपाशी जाऊन तोंडी सांग, हसत सांगितलंस तरी चालेल. मग त्याच मेलला, त्याच सीसीवर उत्तर टाक, कारण चूक सगळ्यांनी वाचली तर दुरुस्तीही सगळ्यांनी वाचू दे. मजकूर देते, पुढेमागे काही जोडू नकोस: ‘सर, आय गॉट अ फ्रेज बॅडली राँग इन माय लास्ट मेल. व्हॉट आय मेंट वॉज, थँक यू फॉर पुटिंग मी फॉरवर्ड अँड लेटिंग मी स्पीक ऑन द कॉल. इट मेंट अ लॉट टू मी.’ ‘पुटिंग मी फॉरवर्ड’ म्हणजे नाव पुढे करणं, तुला हवं होतं ते हेच.

त्या क्लायंटच्या बाईंना वेगळं काही लिहायची गरज नाही. तुझ्या पुढच्या रिपोर्टमध्ये त्यांना ‘अपिअर्स’ दिसेल.

— ताई